शिफ्टिंगवाले काका

शिफ्टिंगवाले काका द्वारकेत असतात, पश्चिम विहारात असतात, आणि नोएडात तर बहुतेक प्रत्येक सेक्टरला एक असतात. केंद्र सरकारच्या कुठल्यातरी मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर नाहीतर अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालेले, मुलगा बंगळूरला किंवा थेट अमेरिकेत, आणि घरात नेहरू प्लेसहून घासाघीस करून आणलेला लॅपटॉप. नोकरीभर त्यांनी सरकारी क्वार्टर्स बदलली. सरोजिनी नगर, नेताजी नगर, आर. के. पुरम, टाइप दोनमधून तीन, तीनमधून चार. आता स्वतःचा फ्लॅट झाल्यामुळे हलवायला घर उरलेलं नाही. म्हणून काका फोल्डर हलवतात.

निमित्त सी ड्राइव्हचं. जागा दहा टक्क्यांखाली गेली की विंडोज त्या ड्राइव्हची निळी पट्टी लाल करतं. ही बातमी काकूंना सकाळच्या चहाबरोबर मिळते. त्या म्हणतात, "मग पुसून टाका की काहीतरी!" पुसणं काकांना ठाऊक नाही. सरकारी रेकॉर्डचे ए, बी, सी असे वर्ग असतात आणि त्यातलं सगळ्यात किरकोळ, म्हणजे सी वर्गातलं रेकॉर्डसुद्धा दहा वर्षांपर्यंत ठेवता येतं, हे ते काकूंना पुन्हा एकदा सांगतात. काकूंनी ते पूर्वी ऐकलेलं असतं.

बरं, त्या फोल्डरात असतं काय? पेन्शनचा पीपीओ, सीजीएचएसच्या कार्डांचे स्कॅन, दर नोव्हेंबरला दिलेल्या जीवन प्रमाणपत्राच्या पावत्या (आपण जिवंत होतो याचा इतका सलग पुरावा फार थोड्यांकडे असेल), काकूंच्या गुडघ्याचा एमआरआय. वडिलांचा १९५४ सालच्या दिल्लीतल्या साहित्य संमेलनातला एक फोटो, ज्यात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्षस्थानी आहेत आणि वडील खांबामागे. आणि मग फेब्रुवारी २०२५. सत्तर वर्षांनी संमेलन पुन्हा दिल्लीत, तालकटोरा स्टेडियममध्ये भरलं, तेव्हा काकांनी अध्यक्ष तारा भवाळकरांचं भाषण, ग्रंथदिंडी, पुस्तकांचे स्टॉल, जेवणाची रांग असं सगळं मोबाइलवर टिपलं. निम्म्या चित्रणात पुढच्या माणसाचं डोकं आहे. पण डोकंसुद्धा मराठी आहे, त्यामुळे तेही ठेवलंय.

हे सगळं वनड्राइव्हमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत, कसं गेलं, हे काकांना नीटसं आठवत नाही. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला तेव्हा त्यानं काहीतरी विचारलं, काकांनी सभ्यपणे होकार दिला आणि डेस्कटॉपसकट सगळी कागदपत्रं तिकडे वळली. फुकटातली ५ जीबी जागा पहिल्या दिवाळीलाच संपली. मुलानं वर्गणी भरून १ टीबी करून दिली. झालं! वर अख्खा टीबी मोकळा आणि खाली सी ड्राइव्ह शंभरेक जीबीचा. त्यात 'सगळ्या फाइली या संगणकावरही ठेवा' हा पर्याय काकांनी निवडलेला. ढगाची खूण असलेली फाइल लॅपटॉपवर नुसती नावापुरती असते, उघडली तरच खाली उतरते, हे त्यांना पटत नाही. हजेरीपटावर नाव आणि माणूस दौऱ्यावर, असले प्रकार त्यांनी सेक्शनमध्ये बरेच पाहिलेले आहेत.

गुरुग्रामचा भाचा म्हणतो, "मामा, सरळ कट-पेस्ट करा ना डी ड्राइव्हवर. दोन मिनिटांचं काम."

या वाक्यासाठीच मामा इतकी वर्षं थांबलेले असतात. "अरे बाबा, क्वार्टर सोडताना सामान आधी उचलतोस की आधी इस्टेट ऑफिसला कळवतोस? न कळवता आतलं सामान काढलंस तर वनड्राइव्ह काय समजणार? ह्यांनी टाकून दिलं! तेही वरून टाकून देणार. मग तीस दिवस रिसायकल बिनमध्ये शोधत बस."

भाच्याला हे हसण्यावारी न्यायचं असतं, पण म्हातारा बरोबर बोलतोय, ही पंचाईत.

मग रविवारी विधी सुरू होतो. लॅपटॉपला इन्व्हर्टरचा प्लग. घड्याळाशेजारच्या ढगावर क्लिक, सेटिंग्ज, अकाउंट, आणि 'अनलिंक धिस पीसी'. इथं काकूंना बोलावून घेतात. एवढं मोठं बटण साक्षीदाराशिवाय दाबायचं नसतं. "फोटो जातील का हो?" काकू विचारतात. जात नाहीत, वरचे वर राहतात, खाली उतरवलेले खाली राहतात, फक्त दोघांचं बोलणं बंद होतं. "आपल्यासारखं," काकू म्हणतात आणि आत जातात.

त्यानंतर फोल्डर डी ड्राइव्हवर. इथं काकांची स्वतःची करणी आडवी येते. मंत्रालयात मुरलेला माणूस फोल्डरला 'फोटो' असं नाव देत नाही. 'सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबाबत दिनांक अमुकच्या पत्राच्या अनुषंगाने केलेला पत्रव्यवहार (प्रलंबित)' असं देतो, आणि त्याच्या पोटात तसलेच आणखी चार. विंडोजचा पूर्वापार नियम आहे की फाइलचा पूर्ण पत्ता २६० अक्षरांत बसला पाहिजे. दुपार नावं छाटण्यात जाते. 'प्रलंबित' मात्र काढत नाहीत, कारण टाकीचं काम खरंच प्रलंबित आहे.

शेवटी पुन्हा साइन इन, 'चेंज लोकेशन', डी ड्राइव्हवरचा तोच फोल्डर. या नावाचा फोल्डर इथं आधीच आहे, तोच वापरायचा का, असं विचारतात, हो म्हणायचं. तिथं 'नाही' म्हणून दुसरी जागा निवडणाऱ्यांचं सगळं गबाळ पुन्हा वरून खाली येतं, हे सांगताना काकांचा आवाज खाली जातो. मग फाइली तपासत वनड्राइव्ह रात्रभर फिरत बसतं आणि काका दर तासाला उठून बघतात.

सोमवारी सी ड्राइव्हची पट्टी निळी. भाचा फोनवर सूड घेतो, "मामा, पण तुमचे सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग आहेत. डिस्क गेली की दोन्ही जाणार."

"माहीत आहे. आर. के. पुरमला असताना आम्हीही सेक्टरच बदलला होता, दिल्ली नव्हती बदलली."

तेवढ्यात दुसरा फोन वाजतो. इंदिरापुरमचे जोशी-कुलकर्णी-देशपांडे यांपैकी कुणीतरी. त्यांचाही सी लाल झालाय. त्यांनी बाहेरची हार्ड डिस्क आणलीय, पण वनड्राइव्ह ती घेत नाही.

"डिस्कचं फॉरमॅट एनटीएफएस नसेल," काका चपला शोधता शोधता म्हणतात. "आणि हे बघा, काही कट केलंय का? नाही ना? मग हात बाजूला घ्या. मी द्वारकेहून ब्लू लाइन पकडतो. वैशालीला उतरल्यावर रिक्षा करीन. तोवर तुम्ही एक करा, वहिनींना घरीच थांबायला सांगा. साक्षीदार लागतो."