वर्तमानात आहो

आमच्या शेजारच्या काकाजींना नोकरीतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, भेवातून मात्र निवृत्ती मिळाली नव्हती. गाडी दहाची असली की हे आठला वर्धा स्टेशनवर. गॅसची कळ तीनदा बंद करायची. बंद कळ पुन्हा बंद करता यावी म्हणून मधे दोनदा उघडायची. बोरच्या जंगलातला वाघ हिंगणी, सेलू ओलांडून आमच्या कॉलनीत आलाच, तर गेटची कडी पुरेल का, हे त्यांनी मला मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात थांबवून विचारलं होतं. म्हटलं, "काकाजी, एवढ्या उन्हात वाघ सावली सोडते का?" तर म्हणे, "म्हणून त रात्री येईन न तो!"

माणसानं भ्यावं, पण वर्ध्यात राहून? गोपुरीच्या गीताई मंदिरात विनोबांची अख्खी गीताई दगडांवर कोरलेली आहे. सोळाव्या अध्यायातली दैवी गुणांची यादी सुरूच होते ती अभयापासून. काकाजी रोज तिथं फिरायला जातात. त्यांच्या ध्यानात राहिलं ते एवढंच, की त्या मंदिराला छप्पर नाही. "पाणी आलं त माणसानं उभं कुठं राहाचं?" म्हणून बारा महिने हातात छत्री.

शेवटी मुलानं त्यांना नागपूरला तीन दिवसांच्या शिबिरात घातलं. या क्षणात जगायचं, एवढंच तिथं शिकवतात. काकाजी परतले ते नवं भेव घेऊन. आपण या क्षणात नसलो तर? मोबाईलवर दर अर्ध्या तासाला गजर लागला. तो वाजला की असतील तिथं डोळे मिटून थबकायचे. एकदा भर बजाज चौकात थबकले. मागं ऑटोवाल्यांचा नुसता कल्ला.

"काय करून राह्यले, काकाजी?"

"वर्तमानात आहो."

घरी पोह्यांचा घास पाच-पाच मिनिटं चावणं सुरू झालं. काकूंनी चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "वर्तमान थंडं होऊन राह्यलं, खा लवकर."

मधे पुण्याचे पाहुणे आले म्हणून सगळे सेवाग्रामला गेलो. तिथल्या आश्रमात साप धरायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा ठेवलेला आहे. गांधीजी १९३६ साली तिथं राहायला आले तेव्हा सापांना तोटा नव्हता. मारायचा नाही, धरायचा आणि लांब नेऊन सोडायचा, असा आश्रमाचा शिरस्ता. पाहुणे फोटो काढून पुढं गेले. काकाजी तिथंच.

"म्हणजे बापूंलेही भेव होतं?"

"कावून?"

"नाही त चिमटा कशाले?"

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचायचं आहे.

श्रावणात काकाजींच्या न्हाणीत साप निघाला. काकूंची किंकाळी ऐकून धावलो, तर काकाजी दारात स्टुलावर बसलेले. सर्पमित्र फोनवर म्हणाला होता, मी पोचेपर्यंत त्याला नजरेआड होऊ देऊ नका.

पाऊण तास काकाजींची पापणी हलली असेल तर शपथ. "बादलीमागं गेला... आता पाइपाजवळ... जीभ काढली, पाहा." आवाजात कापरं नाही. खिशातला गजर वाजून वाजून थांबला, यांना पत्ताच नाही. सर्पमित्र आला. धामण निघाली, बिनविषारी. त्यानं अलगद पोत्यात घातली.

"डोळे पाह्यले का तिचे?" काकाजी मला म्हणाले. "काय चमकत होते बाप्पा!"

सर्पमित्रानं गाडीला किक मारली, आणि काकाजी एकदम अनवाणीच गेटकडे धावले. बाहेर धो धो पाणी. छत्री दारामागच्या खुंटीला. नखशिखांत भिजत ते ओरडत होते, "अरे भाऊ! पोतं पाहून घेतलं होतं न? कुठं फाटलं त नाही?"