कृपया हात लावावा

मे महिन्यात मुंबईच्या आसपासच्या प्रत्येक घरात एखादं तरी पाहुणं पोर असतंच. यंदा आमच्या डोंबिवलीच्या घरी साताऱ्याची भाची आली, सई. वन्संनी तिच्या बॅगेत भरपूर फ्रॉक आणि माझ्यासाठी एक सूचना घालून पाठवली होती: ‘नुसते मॉल दाखवू नकोस वहिनी, काहीतरी ज्ञानाचं दाखव.’ ज्ञानाच्या बाबतीत वरळीला पर्याय नाही. तिथे एक नेहरू तारांगण आहे, १९७७ सालचं, आणि एक नेहरू विज्ञान केंद्र, ज्याचं उद्घाटन १९८५ साली राजीव गांधींनी केलं. या दोघांत लोक इतकी गल्लत करतात की महालक्ष्मी स्टेशनबाहेरच्या टॅक्सीवाल्याने पत्ता ऐकून घ्यायच्या आधीच विचारलं, ‘तारेवाला की बटनवाला?’

‘बटनवाला,’ नवरा म्हणाला. दशम्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या सासूबाईंनी लगेच दोन्ही मुलांना ताकीद दिली, ‘तिथे कशाला हात लावायचा नाही हं.’

त्यांचंही बरोबरच आहे. त्यांच्या मनातलं म्युझियम म्हणजे राणीच्या बागेतलं, १८७२ साली उघडलेलं, आता डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाचं. तिथे वस्तू काचेच्या आत आणि माणसाचे हात पाठीमागे. आमची अख्खी पिढी त्याच शिस्तीत वाढली. पाहुण्यांकडे गेलं की शोकेसला हात लावायचा नाही, दुकानात गेलं की बरण्यांना नाही आणि घरात टीव्हीला तर नाहीच. अशा संस्कारांची मुलं घेऊन आम्ही निघालो होतो कुठे, तर जिथे हात लावला नाही तर काही दिसतच नाही अशा जागी.

जगभर ही कल्पना रुजवण्यात फ्रँक ओपेनहायमर यांचा वाटा मोठा. त्यांनी १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘एक्स्प्लोरेटोरियम’ उघडलं. अणुबाँबवाले रॉबर्ट ओपेनहायमर हे त्यांचे थोरले बंधू. थोरल्याने केलेल्या वस्तूचं बटण कुणी दाबू नये म्हणून जग अजून देव पाण्यात घालून बसलंय. धाकट्याने मात्र पोरांना सांगितलं, दाबा रे, हवी तितकी दाबा.

आमच्या ओमने ते मनावर घेतलं. आत शिरल्या शिरल्या त्याने एका दमात ओळीने सगळी बटणं दाबली आणि पुढच्या दालनात पसार झाला. बटण दाबणं आणि मग काय होतं ते बघणं ही दोन स्वतंत्र खाती आहेत, आणि नऊ वर्षांच्या मुलाकडे फक्त पहिलं असतं. पहिल्या यंत्राचं चाक फिरायला लागेपर्यंत हा पाचव्यावर. मग त्याने दाबलेल्याचा निकाल नालासोपाऱ्याचं एक कुटुंब बघत होतं आणि त्यांच्या मुलीने दाबलेल्याचा आम्ही. सुट्टीतल्या गर्दीत विज्ञान असं सहकारी तत्त्वावर चालतं. त्यात ‘बटण दाबा’ असं तीन भाषांत लिहिलेल्या पाटीखाली एक गृहस्थ आपल्या लेकीचा हात घट्ट धरून म्हणत होते, ‘हात नको लावूस, बिघडेल.’

बापांचं मला खरंच वाईट वाटतं. आयांना निदान पाण्याच्या बाटल्या सांभाळण्याचं काम असतं, बापांना समजावून सांगावं लागतं. माझा नवरा बँकेत आहे. हवेच्या झोतावर तरंगणाऱ्या चेंडूपुढे उभा राहून त्याने सईला बर्नुलीचं तत्त्व सांगायला घेतलं, आणि गृहकर्ज समजावताना लागतो तोच मृदू, आश्वासक स्वर लावला. वेगाने वाहणाऱ्या हवेत दाब कमी होतो, भोवतालच्या हवेचा जास्त असतो, म्हणून चेंडू झोताबाहेर पडायला बघतो पण पुन्हा आत ढकलला जातो, वगैरे. मला वाटतं बरोबरच सांगितलं. सईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग मामा, झोत तिरका केला तरी चेंडू का नाही पडत?’

‘पुढे चल बाळा, मागे केवढी रांग लागलीय.’

गर्दीचा हा एक उपकार. रांग नसती तर महाराष्ट्रातल्या किती बापांची अब्रू त्या चेंडूपाशी गेली असती सांगता येत नाही.

आरशांपाशी मात्र कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. दंडगोलासारखा बाहेर फुगलेला उभा आरसा माणसाला बारीक दाखवतो. त्याच्यापुढे सर्वांत लांब रांग होती आणि त्या रांगेत मुलं फारच थोडी होती. एक बाई तर तिथून हलेचनात. मागची म्हणाली, ‘अहो, सोडा की आता.’ बाई म्हणाल्या, ‘फोटो नीट येईना हो.’ मी मध्ये पडले नाही, कारण माझा नंबर तिसरा होता.

साडेअकराला सासूबाईंनी जाहीर केलं, ‘जेवून घेऊ.’ कुणालाही भूक नव्हती. पण लग्नात पहिल्या पंगतीला बसण्याचा त्यांचा साऱ्या आयुष्याचा अभ्यास आहे, तेव्हा वाद घालण्यात अर्थ नव्हता. बाहेरच्या बागेत झाडाखाली ऐसपैस जागा मिळाली. दशम्या, लसणाची चटणी, कैरीचं पन्हं. या बागेत जुनं वाफेचं इंजिन आहे, ट्रामचा डबा आहे आणि ‘मरुत’ नावाचं खरंखुरं लढाऊ विमान आहे. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या हाताखाली आपल्याच देशात आखून बनवलेलं ते पहिलं लढाऊ जेट. १९६१ साली आकाशात झेपावलं आणि १९७१च्या युद्धात लढलंही. आवाजाच्या दुप्पट वेगाने जावं म्हणून आखलेलं, पण तेवढ्या ताकदीचं इंजिन काही मिळालं नाही. नवऱ्याने ही माहिती वाचून दाखवली आणि उगाचच ओमकडे पाहिलं. ओम गणितात असाच आहे.

सासूबाई ट्रामपाशी रेंगाळल्या होत्या. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. तेव्हा दहा वर्षांच्या असलेल्या सासूबाई परळला वडिलांच्या खांद्यावर बसून ती बघायला रस्त्यात उभ्या होत्या. दहा वर्षांची मुलगी खांद्यावर कशी, हे विचारायचं नसतं. त्यांनी पदराने हात पुसला, दारातला उभा दांडा धरला आणि अंगठ्याने वरपासून खालपर्यंत चाचपून पाहिला, भाजीवाल्याकडे दुधी बघतात तसा.

‘आजी, हात!’ ओम ओरडला.

‘गप रे,’ त्या म्हणाल्या, ‘ही आमचीच आहे.’

एक वाजता साडेअकराच्या जेवणामागचं शास्त्र उघड झालं. सगळी मुंबई डब्याला बसली आणि सकाळपासून ज्यांच्या जवळपासही फिरकता आलं नव्हतं त्या कुजबुजीच्या तबकड्या चक्क मोकळ्या झाल्या. पुरुषभर उंचीच्या दोन खोलगट तबकड्या, एकमेकींसमोर, पण चांगल्याच लांब. एकीच्या केंद्राशी तोंड नेऊन पुटपुटलं की आवाज तबकडीवर आपटून सरळ समांतर निघतो आणि पलीकडची तबकडी तो गोळा करून तिच्या केंद्राशी ठेवलेल्या कानात आणून सोडते. सकाळी लोक तिथे तबकडीत तोंड घालून ‘हॅलो, येतोय का आवाज?’ असं ओरडत होते. त्यासाठी तबकडी कशाला हवी होती कोण जाणे.

मी एका तबकडीपाशी कान लावून उभी राहिले आणि सईला पलीकडे पाठवलं. ती पोचायच्या आत तिथे सासूबाई गेलेल्या दिसल्या, सोबत माझा नवरा. दोघंही तबकडीकडे तोंड करून पाटी शोधत होते. आणि भर मे महिन्यात, एवढ्या कलकलाटात, सासूबाईंचा आवाज माझ्या कानाशी अगदी स्वच्छ आला.

‘मुलांसमोर बोलले नाही रे, पण दशम्या चामट झाल्या होत्या.’

मी तोंड तबकडीकडे वळवलं. ‘दूध कमी पडलं, आई.’

पलीकडे सासूबाई दचकल्या. आधी त्यांनी मागे पाहिलं, मग वर पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं. तो पाटीवरचा मजकूर वाचण्यात कमालीचा गढून गेला होता. मग लांबवर मी दिसले. पदर सावरून त्या तबकडीच्या आणखी जवळ सरकल्या.

‘मग सांगायचं नाही का? अर्धा लिटर जास्तीचं घेतलं असतं.’

‘सकाळी पाच वाजता कुणाला उठवू?’

‘मला. जागीच असते मी. आणि ते वन्संचं लोणचं तू...’

‘काकू, तुमचं झालं का?’ माझ्यामागे एव्हाना सात-आठ मुलांची रांग लागली होती.

‘थांब रे जरा,’ मी म्हटलं, ‘आत्ताच तर लाइन लागलीय.’