आदेशाची प्रत जोडावी

आपल्या मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाने देशाच्या इंटरनेटवर केलेले उपकार नव्या पिढीला ठाऊक नसावेत. 'इसिस'चा प्रचार रोखायला पथक कोर्टात गेले आणि डिसेंबर २०१४ मध्ये दूरसंचार खात्याने ३२ संकेतस्थळे बंद करायला फर्मावले. त्यात वीबली, व्हिमिओ, पेस्टबिन होते. जुनी पुस्तके आणि जुनी वेबपाने जपून ठेवणारे इंटरनेट अर्काइव्हही होते. खोलीत संशयित उतरला म्हणून लॉजला टाळे, लॉजच्या गल्लीला टाळे आणि जाता जाता कोपऱ्यावरच्या वाचनालयालाही!

यादीत गिटहबही होते. तिथे प्रोग्रॅमर मंडळी कोड ठेवतात, एकमेकांच्या चुका काढतात. यापलीकडे तिथला हिंसाचार आमच्या ऐकिवात नाही. सहकार्याचे आश्वासन घेऊन गिटहब, व्हिमिओ वगैरेंना थर्टीफर्स्टला सोडून दिले. पुढे मे २०२० मध्ये 'आरोग्य सेतू' या सरकारी करोना अ‍ॅपचा सोर्स कोड जनतेसाठी खुला करायचे ठरले. तो सरकारने ठेवला कुठे? गिटहबवर. सुधारलेल्या कैद्यावर इतका विश्वास जगात कोणी टाकला नसेल.

परंपरा जुनीच आहे. २००३ मध्ये मेघालयातल्या बंदी असलेल्या संघटनेशी संबंधित एक याहू ग्रुप बंद करायचा होता. तेवढाच वेगळा काढणे इंटरनेट कंपन्यांना जमेना, म्हणून झाडून सगळे याहू ग्रुप बंद. फेब्रुवारी २०२५ मध्ये तमिळ साप्ताहिक 'विकटन'ने पंतप्रधानांना बेड्यांत दाखवणारे व्यंगचित्र काढले. व्यंगचित्र एक, दिसेनाशी झाली अख्खी वेबसाइट. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात. इथे सुके कोणते होते, ते शोधावे लागते.

ही सगळी कामे बेकायदा होतात असा गैरसमज कृपया नको. मजकूर बंद करायला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९अ आहे, २००९ चे नियम आहेत, समिती आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात त्याच कायद्याचे ६६अ रद्द केले, पण ६९अ ठेवले. कारण तिथे कारणे लेखी नोंदवावी लागतात, म्हणजे नागरिकाला त्यांना आव्हान देता येते. व्यवस्था चोख. फक्त त्याच नियमांतला सोळावा नियम म्हणतो की तक्रारी, मागण्या आणि त्यांवरची कारवाई कडक गोपनीय ठेवावी. मजकूर लिहिणाऱ्याला बरेचदा पडद्यावर एक ओळ तेवढी दिसते: कायदेशीर मागणीमुळे हे भारतात दाखवता येत नाही. मग तो बिचारा सरकारी खिडकीशी येतो.

'साहेब, माझं पान का काढलं?'

'गोपनीय आहे.'

'तक्रार कोणाची होती?'

'नियम सोळा.'

'मग दाद कशाविरुद्ध मागू?'

'आदेशाविरुद्ध मागा की! लोकशाही आहे. अर्जाला आदेशाची प्रत तेवढी जोडा, त्याशिवाय आवक होत नाही.'