अगं बाई, ग्रहाला भोक!

ऐकलंत का वहिनी? भिलाईजवळच्या बोरसीतली पोरं हाताबाहेर गेली! दारू नाही, जुगार नाही. मेदूवड्यासारख्या, मधोमध भोक असलेल्या ग्रहाच्या नादी लागलीत. संध्याकाळी ओट्यावर बसून कुणाचं कुठे जमलं यावर चार शब्द बोलावेत, तर ही कार्टी विचारतात, “काकू, असा ग्रह आपोआप होईल का? झालाच तर टिकेल का?”

मला वाटलं, मोबाइलचे प्रताप. चौकशी केली, तर भल्याभल्या घरची माणसं यात अडकलेली! प्रकरण सुरू झालं शनीच्या कड्यांवरून. आपण साडेसातीला भिऊन तेल वाहतो. तिकडे मॅक्सवेल नावाच्या सभ्य गृहस्थांनी 1859 साली निबंधच छापला की, एकसंध घट्ट कडं शनीभोवती टिकणार नाही, ते सुट्या तुकड्यांचंच असायला हवं. मग सोफिया कोवालेव्स्कायाबाईंनी त्या कड्याचा काप लंबवर्तुळाकार की अंडाकृती, याचा छडा लावला. 1885 साली तो छापूनही आला. आणि 1893 मध्ये फ्रँक डायसननी तर कमाल केली. मधला शनीच काढून टाकला आणि नुसतं कडं स्वतःच्या गुरुत्वावर उभं राहतं का ते पाहिलं! एवढं करून हेच गृहस्थ पुढे ब्रिटनच्या राजाचे खगोलशास्त्रज्ञ झाले. बोला आता!

आता कानात सांगते, कुणाला सांगू नका. गणित या प्रकरणाला ‘नाही’ म्हणतच नाही. ग्रह चांगला जाडजूड असावा आणि भन्नाट वेगानं गरगरावा, म्हणजे गुरुत्वाची आतली ओढ आणि फिरण्याचा बाहेरचा रेटा यांचा मेळ बसतो. पण फिरणं मंदावलं की भोक बुजलं. कडं बारीक असलं तर आणखी पंचाईत: जागोजागी गाठी धरतात, गाठी शेजारचा माल ओढतात आणि सगळ्याचे तुकडे. हे डायसननीच दाखवलं.

पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झालेले आमच्या गल्लीतले एक काका म्हणाले, “पोलादाचा ओतू की!” अहो, 1959 पासून भिलाईत भट्टी पेटलीय म्हणून काय झालं? ग्रहाएवढ्या आकारात पोलादसुद्धा स्वतःच्याच वजनाखाली ओघळतं. एका पोरीला भोकात चंद्र टांगायचा होता. तो केसभर बाजूला सरकला की जवळची कड त्याला जास्त ओढणार, म्हणजे आपटलाच समजा.

आणि जन्माचं काय? धूळ-दगड एकत्र येतात ते सगळीकडून मध्याकडेच ओढले जातात, म्हणून गोळाच होतो. एवढी गरगर येणार कुठून? दोन ग्रहांची जबर टक्कर झाली तर. सायमन लॉक आणि सेरा स्टुअर्ट यांनी 2017 मध्ये तेही मांडलं: टकरीनंतर खडकांची वाफ होऊन फुगलेला, फिरता ढग, नाव सिनेस्टिया. पण त्याच्या मधोमध नुसता खळगा, आरपार भोक नाहीच! शिवाय पृथ्वीसारख्या ग्रहाच्या बाबतीत शंभरेक वर्षांत निवून पुन्हा गोळा. म्हणजे कागदावर मान्यता आहे, पण जन्माची सोय नाही आणि टिकण्याची हमी नाही.

नादिष्ट आपल्याकडेच आहेत असं समजू नका. लॅरी निवेननी 1970 साली ताऱ्याभोवतीच्या अवाढव्य कड्यावर ‘रिंगवर्ल्ड’ कादंबरी लिहिली. पुढच्या वर्षी विज्ञानकथांच्या संमेलनात एमआयटीची पोरं ‘रिंगवर्ल्ड अस्थिर आहे!’ म्हणत वऱ्हांड्यांतून घोषणा देत फिरली. बिचाऱ्याला पुढच्या भागात कडं जागेवर ठेवायला इंजिनं बसवावी लागली.

पण सगळ्यात वाईट ऐका. ऑक्सफर्डच्या अँडर्स सँडबर्गनी 2014 मध्ये पृथ्वीच्याच वजनाच्या अशा ग्रहाचा हिशेब केला, तर दिवस निघाला अवघा 2.84 तासांचा! म्हणजे प्लांटच्या आठ तासांच्या एका शिफ्टमध्ये जवळजवळ तीन दिवस. हे युनियनच्या कानावर जाऊ देऊ नका, वहिनी. एका पाळीची तीन दिवसांची हजेरी मागतील, आणि वर दर सूर्योदयाला चहा!