आठ पायांचा भाडेकरू

यवतमाळात खोली भाड्यानं घ्यायची तर घरमालक आधी आधार कार्ड मागतो, मग डिपॉझिट, मग हळूच आडनाव विचारतो. डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म जिवानं यातलं काहीच दिलेलं नाही, तरी तो माझ्या भुवईत राहतो. तुमच्याही. चाचपू नका, सापडायचा नाही. लांबी जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर, पाय आठ. बर्लिनच्या गुस्टाव्ह सायमन या डॉक्टरनं 1842 साली मुरुमात त्याला गाठलं, तेव्हा कुठं मालकाला भाडेकरूचा पत्ता लागला.

डेमोडेक्सच्या दोन जाती; या दोन भावांनी घर वाटून घेतलं आहे. फॉलिक्युलोरम केसाच्या मुळाशी, ब्रेव्हिस खाली तेलाच्या ग्रंथीत. आपल्या घरांत वाटणीवरून कुऱ्हाडी निघतात, यांचं गुण्यागोविंदानं चाललं आहे. खाणं आपलंच तेल न् पेशी. उजेड सोसत नाही म्हणून हिंडणं-फिरणं, लग्न-संसार सारं रात्री. कृषिपंपाची वीजही बरेचदा रात्रीच येते. म्हणजे शेतकरी ओलिताला आणि डेमोडेक्स वऱ्हाडाला, दोघं एकाच पाळीत. वेग ताशी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. आमच्या संथ शकुंतला रेल्वेत बसलेल्यांना तो ओळखीचा वाटेल.

बिचाऱ्यावर एक आळही होता. याला गुदद्वार नाही, जन्मभराचं साठवतो आणि मरताना आपल्याच तोंडावर मोकळा होतो म्हणे. 2022 साली शास्त्रज्ञांनी त्याची जनुकं वाचली, शरीर तपासलं आणि निर्दोष सोडलं. शोधापासून 180 वर्षांनी! धुऱ्याच्या भांडणात आजोबांच्या तारखा नातू करतो, त्या मानानं लवकरच म्हणायचं.

पाहुणचारात आपण यवतमाळकर तसे काटेकोर. 2019 च्या इथल्या साहित्य संमेलनाला लेखिका नयनतारा सहगल यांना आधी निमंत्रण गेलं, मग 'येऊ नका' असा निरोप. डेमोडेक्सला निमंत्रणच नव्हतं, त्यामुळे ते रद्द करायची सोय राहिली नाही. तो आईच्या गालावरून बाळाच्या गालावर जातो आणि वारसा हक्कानं कायम होतो. ना फेरफार, ना तलाठी.

परवा रेशनच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी होती. जन्मभर कापूस वेचून बोटांच्या रेषा झिजलेल्या. मशीनवर अंगठा लावला, पुसून लावला, पदराला घासून लावला. मशीन म्हणालं, जुळत नाही. सत्तर वर्षांची जितीजागती बाई काचेसमोर उभी, आणि मशीनच्या लेखी ती नाहीच. तिचं मन रमावं म्हणून मी तिला भुवईतला भाडेकरू सांगितला. सूक्ष्मदर्शकाच्या काचेतून पाहिला की लगेच दिसतो, म्हटलं.

आजीनं कपाळावर हात फिरवला.

"किती पाय म्हनता त्याले?"

"आठ."

"मंग पुढच्या महिन्यात मशीनवर त्यालेच ठेवजा, भाऊ. आठांतला येखादा तरी जुळन."