पिवळा दिवा लागल्यास करावयाची कार्यवाही

पहिली अट म्हणजे गाडी जुनी असावी. वॉरंटीतल्या गाडीचा दिवा लागला तर मालकाला फक्त फोन करायचा असतो, त्यात शिकण्यासारखं काही नाही. आपली गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडून आलेली आहे, आणि विकताना त्याने ती ‘एकहाती चाललेली’ असल्याचं शपथेवर सांगितलं होतं, असं इथे गृहीत धरलं आहे. मात्र फार जुनीही नको. कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० ला हा दिवाच नव्हता. ती बिघडली की बंद पडायची आणि आजूबाजूचे धक्का मारायला यायचे, एवढं सरळ काम होतं. आपल्या मूर्तिजापूरच्या शकुंतला रेल्वेचंही तसंच. १९२१ साली मँचेस्टरमध्ये घडलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चाललं, ते ड्रायव्हरच्या कानांच्या भरवशावर.

दिवा लागलेला नसेल तर आधी तो आहे का ते बघा. चावी फिरवा, पण इंजिन सुरू करू नका. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चावी फिरवूनही तो लागत नसेल, तर आधीच्या मालकाने आजारावर सर्वात स्वस्त इलाज केलेला आहे: बल्ब काढलाय किंवा वरून काळी टेप चिकटवलीय. लाल दिव्याची गोष्ट वेगळी. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर ही मार्गदर्शिका मिटा, गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा.

आता कोड वाचायचा. एप्रिल २०१३ नंतरच्या बीएस-४ गाडीत स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथचा छोटा स्कॅनर खोचायचा आणि मोबाइलवर कोड बघायचा. त्याआधीच्या एमपीएफआय मारुतींमध्ये जास्त मजा होती. डायग्नोसिसच्या कपलरमधल्या दोन टोकांना वायरचा तुकडा जोडला की दिवा स्वतःच लुकलुकून कोड सांगायचा. एकदा, मग थोडं थांबून दोनदा, म्हणजे १२, म्हणजे सगळं ठीक.

बॉनेट मात्र शक्यतो उघडू नका. मूर्तिजापुरात उघडं बॉनेट म्हणजे जाहीर सभेचं निमंत्रण. ‘काहून जी भाऊ, काय झालं?’ इथून सुरुवात होते. ‘सेन्सर गेला असन.’ ‘पेट्रोल कुठलं टाकलं?’ ‘अकोल्याले न्या, इथं नाई होत हे काम.’ शेवटी एक काका येतात आणि बॅटरीचं मायनस टर्मिनल काढून दहा मिनिटं थांबायला सांगतात. त्यांच्या इलाजाने दिवा खरंच विझतो, म्हणून त्यांचा मान मोठा. पण संगणकाची स्मरणशक्तीही त्याच क्षणी जाते. बिघाड झाला तेव्हा वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, त्यावर किती भार होता, या सगळ्याची त्याने घेतलेली नोंद पुसली जाते. रोग तसाच राहतो आणि केसपेपर जळतो.

कोडची रचना सोपी आहे. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स. त्यानंतर शून्य आलं तर कोड सगळ्या कंपन्यांना सामाईक, एक आलं तर बहुधा त्या कंपनीचा खासगी. तिसऱ्या जागी एक किंवा दोन म्हणजे हवा-इंधन, तीन म्हणजे स्पार्क, चार म्हणजे धुराचा बंदोबस्त. एवढं पाठ केलंत की चहाच्या टपरीवर तुम्ही तज्ज्ञ. नवशिक्याची खरी परीक्षा इथून पुढे आहे, कारण कोड वाचणाऱ्याला वाटतं की त्यात बिघडलेल्या पार्टचं नाव आहे. तसं नसतं. त्यात फक्त संगणकाची तक्रार असते.

उदाहरणार्थ पी०११३. मे महिना आहे, पारा पंचेचाळीसच्या वर गेलाय, स्टिअरिंगला हात लावता येत नाही, आणि स्कॅनर सांगतोय की इंजिनात शिरणारी हवा उणे ४० अंश आहे. मूर्तिजापुरात! हसून झालं की विचार करा. हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा विद्युतरोध थंडीत वाढतो आणि उष्णतेत कमी होतो. वायर तुटली तर रोध अमर्याद होतो, आणि संगणक त्याचा अर्थ अमर्याद थंडी असा लावतो. त्याच्या बाजूने तर्क बिनचूक आहे, फक्त तो कधी एसटी स्टँडवर उभा राहिलेला नाही. कोडच्या वर्णनात ‘सेन्सर सर्किट’ असं लिहिलेलं असतं. आपण त्यातलं ‘सेन्सर’ वाचतो, ‘सर्किट’ गाळतो आणि नवा सेन्सर आणतो. उणे ४० कायम राहतं. मग कुणीतरी वायर चाचपतो, तेव्हा उंदराच्या दातांच्या खुणा सापडतात. सोयाबीन आणि कापूस घरात आला की उंदीरही येतात, आणि रात्री गरम इंजिनाइतकी उबदार जागा त्यांना दुसरी नाही. वायर जोडा, टेप लावा. ही टेप वैध आहे.

याचाच भाऊ पी०१२८: इंजिन पुरेसं तापत नाही. वऱ्हाडात इंजिन तापत नसल्याची तक्रार म्हणजे चेष्टाच. पण कारण आपणच तयार केलेलं असतं. उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतो, आपण खूश होतो, आणि डिसेंबरात इंजिन कोमटच राहतं नि पेट्रोल जास्त पितं. गाडी मुळात गरम का व्हायची, हे कुणी विचारलेलं नसतं. आपण पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात राहतो. इथलं बोअरचं पाणी पिकालाही धड चालत नाही, ते आपण रेडिएटरमध्ये ओततो. क्षार आत साचतात, धातू गंजतो. कूलंट घाला, आणि सोबत पाणी लागलंच तर डिस्टिल्ड.

पी०३०१ आला तर पहिल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही असं समजा. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर लावा. कोड पी०३०२ झाला, तर दोष कॉइलसोबत सरकला, म्हणजे चोर सापडला. नाही सरकला तर प्लग बघा. ही तपासणी फुकट आहे, म्हणून कुणी करत नाही. दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर मात्र गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं, आणि किंमतही त्यांच्याच खानदानाला शोभेल अशी.

अमेरिकी व्हिडिओ बघून पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट करत बसू नका. तिकडच्या गाड्या टाकीतून वाफ गळते का ते स्वतः तपासतात, आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांना ती सवयच नाही. आपल्याकडे पी०१७१ जास्त महत्त्वाचा, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. फाटलेला व्हॅक्यूम पाइप हा पहिला संशयित. शिवाय आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतं, त्यात ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन थोडं जास्त द्यावं लागतं. संगणक ते देतो, पण अर्धवट चोंदलेल्या इंजेक्टरकडून किती मिळणार?

काही विकत घेण्याआधी साफ करा. एअर फिल्टर झटका, थ्रॉटल बॉडीची काजळी काढा, अर्थिंगच्या वायरीचा गंज खरवडा. गाडगेबाबांचं बालपण ज्या दापुऱ्यात मामाकडे गेलं ते याच तालुक्यात आहे, तेव्हा हा सल्ला बाहेरून आणावा लागू नये.

दुरुस्ती झाली की कोड पुसा आणि गाडी चालवून बघा. त्यासाठी अकोल्याचा रस्ता बरा. अमरावती-अकोला दरम्यान याच महामार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज विक्रम झाला होता. आपल्याला तेवढी घाई नाही. दिवा परत लागला तर कोड पुन्हा वाचा. तोच असेल तर दुरुस्ती चुकली. दुसरा असेल तर अभिनंदन, पहिली बरोबर होती. काहीही निघालं तरी बोरगाव मंजूला चहासाठी थांबाल तेव्हा बॉनेट उघडू नका. तिथेही काका आहेत.