अखेरचे, पुन्हा एकदा अखेरचे

जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन १७ जुलै १९६७ रोजी गेले, तेव्हा ते अवघे ४० वर्षांचे होते. त्यानंतर त्यांची कारकीर्द जोरात चालू आहे.

खरे तर घाई आधीच झाली होती. ‘प्रेस्टीज’ कंपनीने १९५७-५८ मधली पडून राहिलेली ध्वनिमुद्रणे गोळा करून ‘द लास्ट ट्रेन’ नावाची तबकडी काढली, तेव्हा कोल्ट्रेन जोमाने वाजवत होते. फक्त दुसऱ्या कंपनीसाठी!

१९७२ च्या ‘इन्फिनिटी’मध्ये पत्नी ॲलिस यांनी जुन्या वादनावर तंतुवाद्यांचा ताफा चढवला. नवऱ्याने तक्रार करण्याचा प्रश्नच नव्हता. ते काम रसिकांनी केले.

२०१८ चा ‘बोथ डिरेक्शन्स ॲट वन्स’ निघाला १९६३ मधल्या एका दिवसाच्या ध्वनिमुद्रणातून. त्याच्या महागड्या आवृत्तीत ‘इम्प्रेशन्स’ ही एकच रचना चार वेळा ऐकावी लागते. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते हेच. इथे दूध खरोखरच दाट निघाले, हे मात्र कबूल करायला हवे.

अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत हा अल्बम २१ व्या क्रमांकावर पोहोचला. हयातीत कोल्ट्रेन यांचा एकही अल्बम तिथवर गेला नव्हता.